३०४, हॉलोवे रोड

मागच्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्टला ‘इलेक्ट्रॉनिक बीन’ घेतली होती. आयडिया अगदी साधी. ५५५ टायमरचा ऑसिलेटर, पुढे एक फिल्टर, थोडा व्हायब्रेटो आणि ब्रेडबोर्डवर आठ पुशबटनं. सबमिशनच्या आदल्या रात्री त्यातून बीन सोडून बाकी सगळे आवाज येत होते, पण ते जाऊ दे. व्हायवाला सरांनी सर्किटबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं काय, तर ‘नागिन’ सिनेमातली ती प्रसिद्ध बीन कुठल्या वाद्यावर वाजवलीय? आम्ही चौघीही एका सुरात म्हणालो, बीनवर! सर हसले. १९५४ सालच्या त्या सिनेमाचं संगीत हेमंतकुमारांचं, आणि ती बीन वाजवली होती कल्याणजींनी, म्हणजे पुढे ‘कल्याणजी-आनंदजी’ म्हणून गाजलेल्या जोडीतल्या मोठ्या भावाने. वाद्य होतं क्लॅव्हिओलिन. म्हणजे ज्या आवाजावर माझी आजी अजून मान डोलावते, तो आवाज पुंगीचा नाही, व्हॉल्व्हचा आहे! मार्क किती मिळाले ते कृपया विचारू नका.

रूमवर आल्यावर शोधाशोध केली. क्लॅव्हिओलिन हे १९४७ साली कॉन्स्टंट मार्टिन नावाच्या फ्रेंच माणसाने बनवलेलं छोटं कीबोर्ड. एका वेळी एकच सूर वाजतो, सूर बदलायला की आणि आवाजाची जात बदलायला स्विच. हे वाद्य जगात कुठे कुठे वाजलं त्या यादीत ‘नागिन’सोबत एक इंग्लिश रेकॉर्ड होती, ‘टेलस्टार’, साल १९६२. इअरफोन बिघडलेला होता म्हणून मी ती सरळ स्पीकरवर लावली. रात्रीचे दीड. सव्वातीन मिनिटांची रेकॉर्ड, शब्द एकही नाही. आधी रॉकेट सुटल्यासारखी घरघर आणि मग त्यातून वर येणारी ती थोडीशी चिरकी, थोडीशी रडवेली धून. संपायच्या आत शेजारच्या रूममधून भिंतीवर दणके बसले.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की ही रेकॉर्ड ज्या जागेत बनली तिथेही असेच दणके बसायचे. भाड्याच्या जागेत, खालून, झाडूच्या दांड्याने! तेव्हापासून हा माणूस डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख. (मी कॉन्व्हेंटची. मराठीतला हा माझा पहिलाच लेख. वेलांट्या चुकल्या असतील तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.)

त्याचं नाव जो मीक. मराठीत ‘जो’ लिहिलं की वाक्याची वाट लागते, म्हणून मी त्याला मीकच म्हणणार आहे. पूर्ण नाव रॉबर्ट जॉर्ज मीक. जन्म ५ एप्रिल १९२९, इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरमधल्या न्यूएंट या लहानशा गावात. गाव शेतीवाडीचं. पण याला शेतीत रस नाही आणि खेळातही नाही. घरामागच्या शेडमध्ये जुने रेडिओ, वायरी, व्हॉल्व्ह घेऊन बसायचं, उघडायचं, जोडायचं, परत उघडायचं. आपल्या प्रत्येक बॅचमध्ये असा एक नमुना असतोच. सक्तीच्या लष्करी सेवेत त्याला हवाई दलात रडारवर नेमलं. तिथून सुटल्यावर १९५३ मध्ये मिडलँड्स इलेक्ट्रिसिटी बोर्डात नोकरी, म्हणजे आपल्याकडच्या महावितरणसारखं समजा. नोकरीत राहून तिथल्याच साधनांवर त्याने स्वतःचे प्रयोग चालू ठेवले, रेकॉर्ड कापायचं मशीन मिळवलं आणि पहिली रेकॉर्ड काढली.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. या माणसाला एकही वाद्य वाजवता येत नव्हतं. नोटेशन वाचता येत नव्हतं. गळा तर बेसूर. डोक्यातली चाल तो टेपवर कशीबशी गुणगुणायचा आणि मग कुणातरी वादकाने त्यातून नेमका सूर शोधून काढायचा. म्हणजे संगीतकाराकडे जे असायला हवं ते त्याच्याकडे नव्हतं. होता फक्त कान. पण तो कान असा की इतरांना जो आवाज बिघडलेला वाटायचा, तो याला हवा असायचा.

१९५४ च्या सुमारास तो लंडनला आयबीसी या कंपनीत लागला. ही कंपनी रेडिओ लक्झेम्बर्गसाठी कार्यक्रम रेकॉर्ड करायची. आपल्या आजोबांच्या पिढीला जसं रेडिओ सिलोन, तसं तिकडच्या पोरांना रेडिओ लक्झेम्बर्ग. त्या काळी रेकॉर्डिंगचे नियम फार कडक होते. मोठ्या स्टुडिओंमध्ये टेक्निकल स्टाफ पांढरे कोट घालून वावरायचा, आपल्या केमिस्ट्री लॅबसारखा! माइक वाद्यापासून ठरावीक अंतरावर हवा, मीटरचा काटा लाल भागात जाता कामा नये, आणि खोलीत जसं वाजलं तसंच्या तसं टेपवर उतरलं की इंजिनिअरचं काम झालं.

मीकने नेमकं उलटं केलं. माइक वाद्याला चिकटवला. काटा लाल भागात जाऊ दिला. १९५६ मध्ये हम्फ्री लिटल्टन या जॅझवाल्याची ‘बॅड पेनी ब्लूज’ रेकॉर्ड करताना त्याने पियानोच्या खालच्या सुरांचा आवाज जबरदस्त फुगवला आणि कॉम्प्रेस केला. कॉम्प्रेसर म्हणजे काय, तर सिग्नल ठरावीक पातळीच्या वर गेला की त्याचा गेन आपोआप कमी करणारं सर्किट. शिखरं दाबली की सगळाच आवाज वर उचलता येतो आणि सूर जवळ येऊन अंगावर आल्यासारखा वाटतो. लिटल्टन रेकॉर्डिंगनंतर सुट्टीवर गेला होता. परत येऊन ऐकलं तेव्हा त्याला ते आवडलं नाही. पण तोवर रेकॉर्ड खपायला लागली होती आणि ती टॉप ट्वेंटीत गेली. बीटल्सची १९६८ ची ‘लेडी मॅडोना’ ऐकलीत तर तिच्या पियानोत या रेकॉर्डची छाया दिसते, असं पुष्कळ जाणकार सांगतात.

असा इंजिनिअर नोकरीत किती दिवस टिकणार? पुढे डेनिस प्रेस्टन या निर्मात्याबरोबर लॅन्सडाउन स्टुडिओत गेला, तिथे भांडण झालं आणि १९५९ मध्ये बाहेर पडला. स्वभाव तापट. आपल्या युक्त्या कुणी चोरेल या भीतीने तो त्या लपवून ठेवायचा. ही भीती पुढे फार वाढली, ते सांगतेच.

१९६० मध्ये त्याने एका भागीदाराबरोबर ट्रायम्फ नावाचं स्वतःचं लेबल काढलं. त्यावर मायकेल कॉक्सचं ‘अँजेला जोन्स’ सातव्या नंबरापर्यंत गेलं. पण माल वेळेवर छापून बाजारात पोचवायची ताकद लहान लेबलमध्ये नव्हती. डिमांड आहे आणि सप्लाय नाही, मॅनेजमेंटच्या पेपरला येतं तसं. वर्षाच्या आत मीक बाहेर पडला.

त्याच वर्षी त्याने एक चमत्कारिक काम केलं. ‘आय हिअर अ न्यू वर्ल्ड’ नावाचा अल्बम. चंद्रावर वस्ती असेल तर तिथे काय ऐकू येईल, ही कल्पना. स्पुटनिक १९५७ मध्ये उडालं होतं, पण माणूस अजून अंतराळात गेला नव्हता. सिंथेसायझर तर बाजारातच नव्हता. मग याने आवाज आणले कुठून? पाण्यात स्ट्रॉने बुडबुडे काढून, अर्धवट भरलेल्या दुधाच्या बाटल्यांवर चमचे वाजवून, बेसिनमधून पाणी सोडून, सर्किट मुद्दाम शॉर्ट करून. (आमच्या लॅबमध्ये शेवटच्या प्रकाराला पन्नास रुपये फाइन आहे.) वर टेपचा वेग बदलायचा, प्रतिध्वनी मिसळायचा. त्यातली चार गाणी एका लहान रेकॉर्डवर निघाली, तीही मूठभर प्रतींत. पूर्ण अल्बम लोकांच्या हातात पडला तो १९९१ मध्ये. एकतीस वर्षांनी!

यानंतर येतो या लेखाचा पत्ता. ३०४, हॉलोवे रोड, उत्तर लंडन. खाली चामड्याच्या वस्तूंचं दुकान, वर तीन मजल्यांचा फ्लॅट. खिडकीखालून दिवसभर ट्रक आणि बस जाणार. खेळण्यांच्या व्यापारातले एक मेजर बँक्स पैसे लावायला तयार झाले आणि मीकने ही जागा भाड्याने घेतली. दुकान आणि जागा शेंटन दांपत्याकडे होती. एक खोली रेकॉर्डिंगची, शेजारची कंट्रोल रूम. खोली लहान, म्हणून व्हायोलिनवाले जिन्यात उभे. प्रतिध्वनी हवा असेल तर गायक बाथरूममध्ये. जमिनीवर टेपचे आणि वायरींचे ढीग. बिघडलेल्या फॅन हीटरच्या स्प्रिंगा काढून त्याने स्प्रिंग रिव्हर्ब बनवला होता. स्प्रिंगच्या एका टोकाला आवाज द्यायचा, तो आत इकडून तिकडे आपटत फिरतो, दुसऱ्या टोकाला पिकअप लावून परत घ्यायचा, की छोट्या खोलीत मोठ्या गुहेचा भास तयार.

मल्टिट्रॅक त्याच्याकडे नव्हतं. म्हणून तो आधी साथ रेकॉर्ड करायचा, मग ती टेप वाजवत तिच्यावर गायकाचा आवाज मिसळून दुसऱ्या मशीनवर उतरवायचा, मग त्यावर आणखी काही. असं प्रत्येक वेळी नॉइज वाढतो, सिग्नल झिजतो. आपण कम्युनिकेशनमध्ये शिकतो की हे टाळायला हवं. मीकने त्या झिजेतूनच स्वतःचा आवाज काढला.

१९६१ मध्ये जॉन लेटनचं ‘जॉनी रिमेम्बर मी’ याच फ्लॅटमधून निघालं आणि एक नंबरला गेलं. गाणं लिहिलं होतं जेफ गॉडर्डने. मीक आणि गॉडर्ड दोघांनाही प्लँचेटचं वेड होतं. मीक तर रात्री स्मशानात टेप रेकॉर्डर ठेवून मेलेल्यांचे आवाज पकडायला बसायचा. हसू येतं, पण चंद्रावरचे आवाज आणि मेलेल्यांचे आवाज शोधणारा माणूस एकच आहे हे लक्षात ठेवलं की हसू जरा कमी होतं.

आणि मग टेलस्टार. १० जुलै १९६२ ला टेलस्टार हा दळणवळण उपग्रह सुटला. बेल लॅब्जने बनवलेला, जेमतेम ७७ किलोचा गोळा. त्याच्यामुळे अटलांटिकपलीकडची टीव्हीची चित्रं पहिल्यांदाच थेट युरोपात दिसली. ती बघून मीकला चाल सुचली. टॉर्नेडोज हा त्याचा बँड तेव्हा ग्रेट यार्मथ या समुद्रकाठच्या गावी बिली फ्युरी या गायकाला साथ करत होता. त्यांनी घाईघाईने लंडनला येऊन ट्रॅक वाजवला आणि ते परत गेले. ते गेल्यावर गॉडर्डने त्यावर क्लॅव्हिओलिनची मुख्य धून वाजवली आणि मीकने आपल्या भांडारातून रॉकेटची घरघर जोडली. ऑगस्टमध्ये रेकॉर्ड आली. ब्रिटनमध्ये पाच आठवडे एक नंबर, आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेतही एक नंबर. अमेरिकेत पहिल्या नंबरावर पोचलेला हा पहिला ब्रिटिश बँड. बीटल्स तिथे पोचायला अजून वर्षभर होतं! (म्यूज ऐकणाऱ्यांसाठी: टॉर्नेडोजमधला गिटारवाला जॉर्ज बेलामी हा मॅट बेलामीचा बाप.)

म्हणजे दुकानावरच्या भाड्याच्या फ्लॅटमधून, सूर न कळणाऱ्या माणसाने, बादशाही स्टुडिओंना मागे टाकलं. इथे लेख संपवता आला असता तर किती बरं झालं असतं. ‘जिद्द असेल तर’ असा मथळा देऊन मोकळी झाले असते.

पण झालं असं. जाँ लेद्रू या फ्रेंच संगीतकाराने दावा लावला की ही चाल त्याच्या ‘ऑस्टरलिट्झ’ या १९६० च्या सिनेमातल्या संगीतावरून उचललीय. खटला चालू, रॉयल्टी अडकली. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या रेकॉर्डचे पैसे मीकला जिवंतपणी मिळालेच नाहीत. निकाल त्याच्या बाजूने लागला, पण तेव्हा तो नव्हता.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. मीक समलिंगी होता, आणि इंग्लंडमध्ये तो तेव्हा गुन्हा होता. १९६३ मध्ये एका सार्वजनिक शौचालयाजवळ त्याला पकडलं, १५ पौंड दंड झाला, पेपरात नाव आलं. त्यानंतर ब्लॅकमेल करणारे मागे लागले. बाहेर जाताना तो काळा चष्मा लावू लागला. हे वाचताना लांबच्या देशातली जुनी गोष्ट वाटत असेल, तर आठवण करून देते. हाच इंग्रजी कायदा त्यांनी १८६० च्या दंडसंहितेतून आपल्याकडे आणला. इंग्लंडने तो जुलै १९६७ मध्ये सैल केला, आणि आपल्या सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ मधला तो भाग ६ सप्टेंबर २०१८ ला रद्द केला. म्हणजे तेव्हा मी शाळेत होते.

तिसरी गोष्ट म्हणजे काळ बदलला. १९६३ पासून बीटल्स आणि त्यांच्यामागून बँडच्या झुंडी आल्या. १९६४ मध्ये हनीकोम्ब्जच्या ‘हॅव आय द राइट’ने मीकला आणखी एकदा एक नंबर मिळवून दिला. त्यातला दणदणीत ठेका ऐका. बँडने लाकडी जिन्यावर पाय आपटलेत, आणि माइक सायकलच्या क्लिपांनी जिन्याच्या कठड्याला लावलेत. ड्रमवर हनी लँट्री नावाची मुलगी होती, हे आमच्या लेडीज हॉस्टेलसाठी मुद्दाम सांगते. पण यानंतर हिट कमी होत गेले.

आता गंमत बघा. हिट कमी होत गेले त्याच काळात, म्हणजे १९६५-६६ मध्ये, मीकने जे केलं त्याच्यावर आजचे रेकॉर्ड जमवणारे जीव टाकतात. ‘सायकेडेलिक’ म्हटलं की आपल्या हॉस्टेलमध्ये पिंक फ्लॉइडचं पोस्टर आठवतं. पण त्या काळात ब्रिटनमध्ये शेकडो लहान बँड एक-दोन सिंगल काढून गायब झाले. वेड्यावाकड्या गिटार, उलट्या फिरवलेल्या टेपा, प्रतिध्वनीत बुडालेले आवाज. तेव्हा कुणी विकत घेतलं नाही. ऐंशीच्या दशकापासून काही वेड्या लोकांनी जुन्या बाजारातून, माळ्यांवरून ही सिंगल्स शोधली, त्यांची संकलनं काढली. अशा संकलनांच्या चाहत्यांना सिंडिकॅट्सचं ‘क्रॉडॅडी सिमोन’ (१९६५) आणि बझचं ‘यू आर होल्डिंग मी डाउन’ (१९६६) माहीत नाही असं होत नाही. दोन्ही ३०४ हॉलोवे रोडची. ‘क्रॉडॅडी सिमोन’मध्ये रे फेनविकची गिटार मध्येच अशी फाटते की स्पीकर गेला असं वाटतं. त्याच बँडमध्ये त्याच्याआधी पुढे ‘येस’मध्ये गाजलेला स्टीव्ह हाव होता. आणि डीप पर्पलचा रिची ब्लॅकमोर तर त्याआधी मीककडे रोजंदारीवर गिटार वाजवायचा! म्हणजे ज्यांची पोस्टर्स आपल्या भिंतींवर आहेत, त्यातले काही जण याच जिन्यावरून वर-खाली करत होते.

पण हे आपल्याला आज माहीत. तेव्हा मीकला दिसत होतं ते एवढंच, की रेकॉर्ड पडतायत, कर्ज वाढतंय. जागं राहायला गोळ्या, झोपायला गोळ्या. मोठ्या कंपन्यांनी आपल्या भिंतीत चोरटे माइक बसवलेत अशी त्याची खात्री झाली होती. रागाच्या भरात हाताला येईल ते फेकून मारायचा. खालून शेंटनबाई झाडूने छत ठोकायच्या, तेव्हा हा आवाज आणखी वाढवायचा, जिन्यात स्पीकर ठेवायचा. माणसं यायची कमी झाली. आली तरी घाबरून यायची.

३ फेब्रुवारी १९६७. बडी हॉली या अमेरिकन गायकाची पुण्यतिथी, ज्याला मीक जवळजवळ देव मानायचा. त्या सकाळी त्याने जागेच्या भाड्यावरून वाद घालून व्हायोलेट शेंटन यांना बंदुकीने मारलं आणि मग स्वतःला संपवलं. वय ३७.

मी हे वाक्य तीनदा लिहून खोडलं. कारण मीकवर जे जे वाचलं त्यात ‘दुर्दैवी अंत’, ‘शापित प्रतिभा’ असं काहीतरी असतं आणि शेंटनबाई एका ओळीत येऊन जातात. त्यांच्यावरचा एकही लेख मला मिळाला नाही. त्यांचा काय दोष? खाली दुकान चालवत होत्या, वरच्या गोंगाटाला वर्षानुवर्षं वैतागल्या होत्या, तरी भाडेकरू ठेवला होता. ‘टेलस्टार’ जितक्या वेळा ऐकते तितक्या वेळा मला आता तो झाडूचा दांडाही आठवतो. माणूस मोठा होता म्हणून त्याने केलेली हत्या लहान होत नाही. आणि त्याने हत्या केली म्हणून त्याचे आवाजही खोटे होत नाहीत. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवायला लागतात, आणि ते जड जातं.

तो गेल्यानंतर पाच आठवड्यांनी पिंक फ्लॉइडची पहिली सिंगल आली. सहा महिन्यांच्या आत तो कायदा बदलला. त्याच वर्षी बीटल्सनेही ‘बेबी यू आर अ रिच मॅन’मध्ये क्लॅव्हिओलिन वाजवलं, आणि ऐकून बघा, ते पूर्वेकडच्या कुठल्यातरी पुंगीसारखं वाजतं. आपल्या ‘नागिन’नंतर तेरा वर्षांनी!

मीकच्या मागे टेपा राहिल्या. चहाच्या लाकडी पेट्यांत भरलेल्या, अठराशेच्या वर. क्लिफ कूपर नावाच्या तरुणाने त्या ३०० पौंडांत घेतल्या. हाच कूपर पुढे ऑरेंज अँप्लिफायर कंपनीचा मालक झाला. अनेक वर्षं त्या तशाच पडून होत्या. २०२० मध्ये चेरी रेड या कंपनीने त्या घेतल्या आणि मग त्यातलं एकेक बाहेर यायला लागलं. मीकवर नाटक झालं (२००५), सिनेमा झाला (२००८), आणि २०१४ मध्ये ‘एनएमई’ या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने त्याला आजवरच्या निर्मात्यांत पहिला नंबर दिला. त्याच्याकडे कोरसमध्ये गायलेल्या टेड फ्लेचरने नव्वदच्या दशकात ‘जोमीक’ नावाचे हिरवे कॉम्प्रेसर बाजारात आणले. ३०४ नंबरच्या भिंतीवर आता पाटी आहे.

आणि तो उपग्रह? टेलस्टार सुटण्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकेने उंच आकाशात अणुचाचणी केली होती. तिच्या किरणोत्साराने त्याचे ट्रान्झिस्टर मेले आणि फेब्रुवारी १९६३ मध्ये तो कायमचा बंद पडला. पण खाली पडला नाही. अजून फिरतोय. सिग्नल नाही, फक्त गोळा.

शेवटी एक सांगते, जे खरं तर या लेखात बसत नाही. आम्ही फर्स्ट इयरला असताना आमच्या विंगच्या टोकाच्या रूममध्ये एक मुलगी होती. सोल्डरिंगचा वास, रात्री चार-चारपर्यंत लाइट, मेसला येणं बंद. आम्ही तिला ‘सायंटिस्ट’ म्हणायचो आणि हसायचो. आवाज आला की भिंतीवर दणका द्यायचो. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परत आली नाही. का, ते आम्हाला कुणालाच माहीत नाही, कारण कुणी कधी विचारलंच नव्हतं. भिंत सगळ्यांनी ठोकली, दार एकीनेही नाही.

मीकच्या दारावर कुणी वेळेत गेलं असतं तर काही बदललं असतं का? कोण जाणे. पण आपल्याकडे अजून वेळ आहे. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, शेजारच्या रूमचं दार फार दिवस बंद दिसलं तर ते वाजवा. आत एखादी ‘टेलस्टार’ शिजत असेल, नसेलही. चहाला तरी बोलवा.

आणि हो, रात्री दीडला स्पीकर लावू नका. माझ्या शेजारणीची परीक्षा होती, मी दुसऱ्या दिवशी जाऊन सॉरी म्हणाले. तिला ती धून आवडली होती म्हणे. फक्त जरा हळू हवी होती.